शिबिर संपल्यावर मुलं पटावर कशी टिकतील?

२०२५च्या जुलैअखेर नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. त्याआधी डिसेंबर २०२४मध्ये डी. गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला होता. अमरावतीलाही स्वप्निल धोपाडे यांच्या रूपाने आपला ग्रँडमास्टर आहे. त्यामुळे वऱ्हाडात मुलांना बुद्धिबळाकडे आणायला आता कोणाला फारसे कष्ट पडत नाहीत. पालक आपणहून चौकशी करत येतात.

कष्ट पडतात ते आलेली मुलं राखायला. जिल्हा स्पर्धेची नावनोंदणीची यादी आपण कधी हातात घेतली, तर बहुधा हेच चित्र दिसेल: नऊ आणि अकरा वर्षांखालच्या गटांत गर्दी, तेरापर्यंत बरी स्थिती, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत मोजकी नावं. मधली मुलं खेळायला वाईट नव्हती. ती कोणाला न सांगता यायची थांबली.

माझं मत असं, की मंडळात मित्र आणि बरोबरीचे खेळाडू मिळाले तर मूल हरूनही टिकतं. ते मिळाले नाहीत, तर जिंकणारं मूलही सातवी-आठवीत गळतं. अमरावतीत, अकोल्यात किंवा दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरसारख्या गावी आपण बुद्धिबळ मंडळ चालवत असाल किंवा सुरू करणार असाल, तर मूल कोणत्या टप्प्यावर का सुटतं आणि तिथे काय करता येतं, हे क्रमाने पाहू.

शिबिर आणि त्यानंतरचे सहा आठवडे

आपल्याकडे बहुतेक मुलं मे महिन्याच्या शिबिरातून येतात. उन्हामुळे शिबिर सकाळी सात ते नऊ असतं, मुलं ताजीतवानी असतात, सगळं छान चालतं. शिबिर मेच्या मध्याला संपतं. विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणजे मध्ये पाच-सहा आठवडे मोकळे जातात. “शाळा सुरू झाल्या की पाहू” असं म्हणून आपण मंडळ जुलैत उघडलं, तर तोवर मूल मामाच्या गावाहून परत येऊन शिकवणीला लागलेलं असतं.

म्हणून साप्ताहिक वर्ग शिबिर संपायच्या आत सुरू करावा. वार आणि वेळ ठरवावी, ती शिबिराच्या प्रमाणपत्रावरच छापावी. शनिवारी संध्याकाळी पाच म्हटलं की पाच. तीनच मुलं आली तरी वर्ग भरला पाहिजे. एकदा कुलूप दिसलं की पालक पुढच्या वेळी आधी फोन करतात, आणि त्याच्या पुढच्या वेळी फोनही करत नाहीत.

गट वयावरून पाडू नयेत, खेळावरून पाडावेत. सहावीतला नवशिका आणि तिसरीतला चांगला खेळाडू एकमेकांसमोर बसले तर मोठ्याला लाज वाटते आणि धाकट्याला कंटाळा येतो. प्रत्येक मुलाला निदान दोन प्रतिस्पर्धी असे हवेत, ज्यांच्याशी तो कधी जिंकेल, कधी हरेल.

या काळातली सगळ्यात मोठी फसगत म्हणजे चार चालींची मात. राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे, उंट सी-४वर, वजीर एच-५वर आणि समोरच्याने दुर्लक्ष केलं की वजिराने एफ-७चं प्यादं मारून मात. शिबिरात एक मुलगा ही युक्ती शिकतो आणि आठवडाभर सगळ्यांना हरवतो. घरी कौतुक होतं. मग बाकीची मुलं जी-६वर प्यादं सरकवायला शिकतात. आता वजीर हल्ल्यात सापडतो, मागे पळतो, आणि तेवढ्यात समोरच्याचे घोडे आणि उंट बाहेर पडलेले असतात. मुलगा हरू लागतो. त्याला वाटतं, आपला खेळ बिघडला. खरं तर खेळ अजून सुरूच झालेला नसतो. अशा मुलाला जवळ बसवून पट मांडून हे समजावलं नाही, तर तो पहिल्या दोन महिन्यांतच जातो. जाणाऱ्यांत पुष्कळदा हुशार मुलं असतात, कारण युक्ती आधी त्यांनाच जमलेली असते.

म्हणून सुरुवातीला डावाच्या शेवटाकडून शिकवावं. दोन हत्तींनी मात, वजीर आणि राजाने मात, मग राजा आणि एक प्यादं. पटावर मोहरे कमी असले की मुलाला आपली चूक स्वतःला दिसते. फक्त प्याद्यांचा खेळही चांगला: दोन्हीकडे आठ-आठ प्यादी, ज्याचं आधी पलीकडे पोचेल तो जिंकला. सुरुवातीच्या चाली पाठ करून घ्यायची घाई करू नये. पालक आग्रह धरतात, कारण पाठांतर दिसतं. आपण ठाम राहावं.

पहिली स्पर्धा

पहिली स्पर्धा मंडळातलीच असावी. पंधरा-पंधरा मिनिटांचे पाच डाव, रविवार सकाळ, प्रवेश फी नाही किंवा नाममात्र. इथे मुलाने तीन गोष्टी अंगवळणी पाडायच्या. चाल करून ज्या हाताने मोहरा हलवला त्याच हाताने घड्याळ दाबायचं. ज्या मोहऱ्याला हात लावला तोच खेळायचा. आणि किल्लेकोट करताना, म्हणजे राजा आणि हत्तीची एकत्र चाल करताना, आधी राजाला हात लावायचा. आधी हत्ती उचलला तर त्या बाजूचा किल्लेकोट करता येत नाही, हत्तीचीच चाल करावी लागते. मोठ्या स्पर्धेत हे पंचांकडून पहिल्यांदा कळलं तर मूल रडतं, आणि त्यात त्याची चूक नसते.

मोबाइलचा नियमही आधी सांगून ठेवावा. खेळाच्या जागी खेळाडूजवळ परवानगीशिवाय फोन सापडला तर डाव गेला. आईने काळजीपोटी दप्तरात ठेवलेल्या फोनमुळे डाव गमावायची वेळ मुलावर येऊ नये.

त्यानंतर जिल्ह्याची स्पर्धा. या स्पर्धा स्विस पद्धतीने होतात. स्विस पद्धत म्हणजे हरलेला खेळाडू बाद होत नाही, प्रत्येक फेरीत जवळपास सारखे गुण असलेल्यांची जोडी लागते. १८९५मध्ये झ्युरिकला ती पहिल्यांदा वापरली गेली. समजा ६० खेळाडू आहेत. पहिल्या फेरीत यादीचे दोन अर्धे करतात: पहिल्याची जोडी एकतिसाव्याशी, दुसऱ्याची बत्तिसाव्याशी, तिसाव्याची साठाव्याशी. नवं मूल यादीच्या तळाशी असतं. म्हणजे पहिल्या फेरीत त्याच्यासमोर आपल्यापेक्षा बऱ्याच वरचा खेळाडू येणार आणि बहुधा ते हरणार. दुसऱ्या फेरीत हरलेल्यांची गाठ हरलेल्यांशी. तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत मूल आपल्या ताकदीच्या खेळाडूंत येऊन बसतं आणि तिथून त्याची खरी स्पर्धा सुरू होते.

हे ठाऊक नसलेले पालक दुसऱ्या फेरीनंतर मुलाला घरी घेऊन जातात. मुलाच्या मनात “आपल्याला जमत नाही” एवढंच राहतं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी पालकांना दहा मिनिटं बसवून ही पद्धत कागदावर काढून दाखवावी. माझ्या मते मंडळाने वर्षभरात पालकांसाठी एकच बैठक घ्यायची तर ती हीच.

आणखी एक. पहिल्याच वर्षी मुलाला पुण्या-मुंबईच्या मोठ्या खुल्या स्पर्धेला नेऊ नये. प्रवास, लॉज, रजा, प्रवेश फी असा खर्च झाला की बाप निकाल मागतो आणि आठ वर्षांच्या पोरावर त्या खर्चाचं ओझं पडतं.

रेटिंग म्हणजे काय आणि त्याची भीती कुठून येते

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी घरात रेटिंगचा विषय निघतो. रेटिंग म्हणजे खेळाच्या ताकदीचा अंदाज सांगणारा आकडा. तो फिडे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघ, दर महिन्याला जाहीर करतो. दीर्घ वेळेच्या मान्यताप्राप्त स्पर्धेत रेटिंग असलेल्या निदान पाच खेळाडूंशी डाव झाले आणि निकालातून निघणारा आकडा १४०० किंवा त्याहून जास्त आला, की खेळाडूचं नाव यादीत येतं. पाचही डाव एकाच स्पर्धेतले असायला हवेत असं नाही, २६ महिन्यांतल्या स्पर्धांचे मिळून चालतात. मात्र पहिल्याच रेटिंग स्पर्धेत अर्धाही गुण मिळाला नाही तर ती स्पर्धा धरली जात नाही.

१ मार्च २०२४पूर्वी किमान आकडा १००० होता, तो १४०० केला गेला. त्याच वेळी २०००च्या खालच्या खेळाडूंचे आकडे एकदाच वर उचलले गेले. म्हणून मोठ्या भावाच्या जुन्या आकड्याशी धाकटीच्या आजच्या आकड्याची तुलना करू नये.

आता आकडा बदलतो कसा ते पाहू. समजा आपल्या मंडळातल्या मुलीचं रेटिंग १६०० आहे आणि समोर १५००चा खेळाडू आहे. शंभर गुणांचा फरक असला की वरच्या खेळाडूकडून शंभरात ६४ गुणांची अपेक्षा धरली जाते. ती जिंकली तर १ मधून ०.६४ वजा करून उरलेले ०.३६, त्याला ४०ने गुणायचं: १४.४ गुण वाढले. हरली तर ०.६४ गुणिले ४०, म्हणजे २५.६ गुण गेले. हा ४० म्हणजे बदलाचा वेग. अठराव्या वर्षाचं कॅलेंडर वर्ष संपेपर्यंत, रेटिंग २३००च्या खाली असेल तर मुलांसाठी तो ४० असतो. मोठ्या खेळाडूंसाठी साधारण २०, आणि २४००ला पोचलेल्यांसाठी १०.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, मुलांचा आकडा मोठ्यांच्या दुप्पट वेगाने वर जातो आणि तितक्याच वेगाने खाली येतो. एका वाईट स्पर्धेत शंभर गुण जाणं ही मुलाच्या बाबतीत अगदी सामान्य घटना आहे, त्यावरून त्याचा खेळ घसरला असा निष्कर्ष काढू नये. दोन, आपल्या जिल्ह्यात हे गुण जाण्याची शक्यता जास्त असते. इथे रेटिंग स्पर्धा मोठ्या शहरांपेक्षा कमी होतात, त्यामुळे पुष्कळ मुलांचा आकडा त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मागे राहतो. समोर १४५०चा म्हणून बसलेला मुलगा प्रत्यक्षात १७००चा खेळ करतो.

ही गोष्ट न कळल्यामुळे एक विचित्र रोग लागतो: मूल आकडा सांभाळायला लागतं. रेटिंग घसरेल म्हणून जिल्हा स्पर्धा टाळतं. घरचेही म्हणतात, तयारी झाली की खेळू. खेळ बंद, तयारी चालू. वर्षभरात तयारीही बंद होते. असं मूल दिसलं की त्याला सहा महिने रेटिंगबाहेरच्या जलद स्पर्धा खेळू द्याव्यात. मंडळाच्या भिंतीवर रेटिंगची यादी लावू नये. लावायचीच तर यंदा कोणी किती डाव खेळले याची लावावी.

हरल्यानंतरचा अर्धा तास

स्पर्धेच्या हॉलबाहेर उभे राहून पाहा. दार उघडतं, मूल बाहेर येतं आणि पहिला प्रश्न येतो: “काय झालं?” मान खाली गेली की दुसरा: “कावून हारला रे?” नऊ वर्षांच्या मुलाकडे याचं उत्तर नसतं. ते म्हणतं, “घोडा दिसलाच नाही.” मग कोणीतरी म्हणतं, “लक्ष कुठं रायते तुय?” पुढच्या फेरीला ते मूल घाबरलेलंच बसतं.

याला उपाय म्हणजे मंडळाचा माणूस दारात असणं. मूल बाहेर आलं की त्याला पाणी द्यावं, डाव लिहिलेला कागद घ्यावा आणि शक्य असेल तर समोरच्या खेळाडूलाही बोलवावं. दीर्घ वेळेच्या डावात चाली लिहिणं सक्तीचं असतं, त्यामुळे कागद हातात असतोच. पंधरा मिनिटांत दोघांनी मिळून डाव पुन्हा मांडायचा आणि एकच जागा शोधायची, जिथून डाव फिरला. तेवढं पुरे. सगळ्या चुका काढत बसू नये. मोबाइलवरच्या इंजिनाला, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमला, त्या दिवशी हात लावू नये. ते प्रत्येक चालीला चूक म्हणून दाखवतं आणि मुलाचं मन आणखी खचतं.

या पंधरा मिनिटांत आणखी एक घडतं. समोर हरवणारा मुलगा अकोल्याचा असतो, आपला अमरावतीचा. दोघं पटावर डोकं घालून बसतात, हसतात, पुढच्या स्पर्धेला एकमेकांना शोधतात. मूल पुढच्या वर्षी खेळायला यायचं हे पुष्कळदा इथे ठरतं.

सांघिक सामने: इथे सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी

वैयक्तिक स्पर्धेत शंभर मुलं येतात आणि दहा बक्षिसं घेऊन जातात. नव्वद मुलं त्या दिवशी कोणाचीही नसतात. संघात खेळणारं मूल आपला डाव हरलं तरी संघ जिंकू शकतो, आणि ते गैरहजर राहिलं तर तिघांची अडचण होते. आपली कोणाला तरी गरज आहे, ही जाणीव बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जागेवर धरून ठेवते. जर्मनीत गावोगावची बुद्धिबळ मंडळं संघांच्या साखळी सामन्यांवर उभी आहेत. वर राष्ट्रीय बुंडेसलीगा, तिच्या खाली एकेक पायरी करत थेट गावापर्यंत. त्यामुळे मध्यम खेळाडूलाही मोसमभर काम असतं. आपल्याकडे पुण्यात २०१३मध्ये महाराष्ट्र चेस लीग सुरू झाली तेव्हा संघाची ही गोडी दिसली होती.

आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाही. चार पटांचा संघ पुरतो, ऑलिम्पियाडमध्येही चार पट आणि एक राखीव असाच संघ असतो. ताकदीनुसार पहिला ते चौथा पट ठरवायचा. पहिल्या आणि तिसऱ्या पटावर एका संघाला पांढरे मोहरे, दुसऱ्या आणि चौथ्यावर दुसऱ्या संघाला. सामना जिंकला तर संघाला दोन गुण, बरोबरीला एक. प्रत्येकी २५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढ दिली, तर एका सकाळी दोन फेऱ्या आरामात होतात.

संघ करताना दोन अटी घालाव्यात: एक पट अकरा वर्षांखालच्या खेळाडूचा आणि एक पट मुलीचा. मग दहावीतला पहिल्या पटाचा खेळाडू आपोआप धाकट्याला शिकवू लागतो, कारण धाकट्याचा गुण त्यालाही हवा असतो. अमरावतीला हे वेगळं समजावून सांगायला नको. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून इथे उभं आहे, १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे जाऊन प्रात्यक्षिकं केली. आखाड्यात मोठा लहानाला शिकवतो, ही रीत आपल्या मातीतली आहे. ती पटावर आणायची एवढंच.

अमरावती आणि अकोला यांच्यात शंभरेक किलोमीटर अंतर आहे, मध्ये मूर्तिजापूर. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत महिन्याला एक सामना, एकदा इकडे, एकदा तिकडे, एकदा मूर्तिजापुरात एखाद्या शाळेच्या वर्गात. सकाळच्या गाडीने जावं, संध्याकाळी घरी यावं. लॉज नाही, मोठा खर्च नाही. डबे घरून न्यावेत आणि दोन्ही संघांनी एकत्र जेवावं. तालुक्याच्या मुलांसाठी परतीच्या एसटीची वेळ पाहूनच शेवटची फेरी ठेवावी. चार वाजता सुटणाऱ्या गाडीसाठी अर्धा डाव सोडून जाणारं मूल पुढच्या महिन्यात येत नाही.

मुली

आठ-नऊ वर्षांपर्यंत मंडळात मुली बऱ्या संख्येने असतात, बारा-तेरानंतर एकदम कमी होतात. कारणं खेळातली नाहीत. वर्ग संपतो तेव्हा अंधार पडलेला असतो, हॉलजवळ स्वच्छतागृह नसतं किंवा त्याला कुलूप असतं, आणि वीस मुलग्यांत ती एकटी असते.

उपायही साधे आहेत. मुलींच्या वर्गाची वेळ उजेडात संपणारी ठेवावी. स्वच्छतागृह पाहिल्याशिवाय जागा ठरवू नये. आणि मुलींना जोडीने आणावं: एक मुलगी आली की तिची मैत्रीण किंवा बहीण सोबत येईल असं पाहावं. वासंती, जयश्री आणि रोहिणी या मुंबईच्या खाडिलकर भगिनींनी १९७०च्या दशकात भारतातलं महिला बुद्धिबळ गाजवलं. १९७४ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंतीने जिंकली. १९७६मध्ये रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळली तेव्हा विरोध झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं, आणि फिडेचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स यूव्ह यांना सांगावं लागलं की महिलांना अशा स्पर्धेतून रोखता येणार नाही. तिघी एका घरात एकमेकींशी खेळत वाढल्या होत्या. आपल्या मंडळात मुलींना अशी सोबत आपल्याला मुद्दाम उभी करावी लागेल.

मुलींचं बक्षीस वेगळं असावं, पट मात्र वेगळा नसावा. ताकदीच्या गटात त्यांना मुलग्यांशीच खेळू द्यावं.

नववी, दहावी

सगळ्यात मोठी गळती इथे. शिकवणी सकाळी, शाळा दुपारी, पुन्हा शिकवणी. पालक म्हणतात, “एक वर्ष बंद ठेवू.” ते एक वर्ष नववीत सुरू होतं आणि बारावीला संपतं. चार वर्षांनी मूल परतत नाही.

इथे पालकांशी भांडू नये. त्यांची काळजी खरी आहे. आपण त्यांच्यापुढे छोटा कार्यक्रम ठेवावा: आठवड्याचा वर्ग बंद, महिन्याला एक रविवार, दोन तास, फक्त संघाचा सराव. वर्षात शालेय क्रीडा स्पर्धा आणि एक-दोन संघ सामने. नाव हजेरीवहीत राहील, गटात संदेश जात राहतील. “खेळ सोडला” आणि “खेळ कमी केला” यांतला फरक मुलासाठी फार मोठा असतो.

शासनाच्या शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखाली होतात: तालुका, जिल्हा, मग विभाग. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम या पाच जिल्ह्यांचा आपला अमरावती विभाग, आणि त्यानंतर राज्य. ठरावीक पातळीवर खेळलेल्या विद्यार्थ्यांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडा गुण मिळतात. त्यासाठी शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे प्रस्ताव जावा लागतो. इथे नेहमी तीन गोष्टी चुकतात. मूळ प्रमाणपत्र हरवलेलं असतं. प्रमाणपत्रावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नाही. आणि मुलगा जिंकलेली स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची नसून कोणीतरी भरवलेली बक्षिसांची स्पर्धा असते. म्हणून आठवीपासून प्रत्येक मुलाची एक फाइल मंडळाने करायला लावावी आणि त्या वर्षीचं परिपत्रक शाळेच्या क्रीडाशिक्षकांसोबत बसून वाचावं. गुणांसाठी खेळू नये हे खरं, पण कष्टाने मिळवलेले गुण कागदाअभावी जाऊ देऊ नयेत.

घरी एकट्याने अभ्यासातून दहा मिनिटं काढून ऑनलाइन खेळायची सवय याच वयात लागते. लिचेससारखी संकेतस्थळं विनामूल्य आहेत, त्यावर मंडळाचा गट करून शुक्रवारी रात्री तासभर स्पर्धा ठेवता येते. मात्र एक-एक मिनिटाच्या डावांपासून मुलांना दूर ठेवावं. त्यात विचार सुटतो, झोप जाते, आणि पालकांचा बुद्धिबळावरचा राग तिथूनच वाढतो.

बारावीनंतर

पुष्कळ मंडळांत बारावी झालेल्या मुलासाठी काही कामच नसतं. तो येतो, चार लहान मुलांना हरवतो आणि निघून जातो. त्याला काम द्यावं. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आणि तिथून विद्यापीठाचा संघ हा खेळाचा रस्ता. दुसरा रस्ता पंच होण्याचा. संघटना पंचांच्या परीक्षा घेतात, जिल्हा स्पर्धेत जोड्या लावायला मदत करत तो शिकू शकतो. तिसरा, लहान गटाचा शिक्षक होण्याचा, आणि त्याचं मानधन मंडळाने ठरवून वेळेवर द्यावं. फुकट राबवून घेतलेला मुलगा दोन महिने येतो.

नोकरीबाबत खरं तेच सांगावं. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्याला वरच्या पातळीची कामगिरी लागते. बहुसंख्य मुलांना बुद्धिबळ पोट भरायला उपयोगी पडणार नाही. त्यांच्यासाठी ते आयुष्यभराचा खेळ आणि चार घट्ट मित्र एवढं देतं, आणि मंडळ चालवायला तेवढं कारण पुरेसं आहे. दिव्या देशमुखने २०१४मध्ये दहा वर्षांखालचं जागतिक विजेतेपद मिळवलं, २०१७मध्ये बारा वर्षांखालचं, २०२४मध्ये जागतिक कनिष्ठ आणि २०२५मध्ये विश्वचषक. अशा खेळाडूलाही मधली अकरा वर्षं रोज पटावर बसावं लागलं. एवढी वर्षं बसायला जागा हवी, समोर कोणीतरी हवं.

हजेरीवही

शेवटी एका साध्या साधनाबद्दल. मंडळात हजेरीवही असते, पण ती फी वसूल करायला वापरली जाते. ती मुलं राखायला वापरावी. लागोपाठ दोनदा मूल आलं नाही की तिसऱ्या आठवड्याआधी फोन करावा. फोन फीसाठी करू नये. “ताप होता का? शाळेची वेळ बदलली का? कोणी काही बोललं का?” एवढंच विचारावं. पुष्कळदा कारण क्षुल्लक निघतं: सायकल बिघडली, वर्गातल्या मोठ्या मुलाने चिडवलं, नेहमी सोबत येणारा मित्र आजारी पडला. त्या आठवड्यात विचारलं तर ते सुटतं, तीन महिन्यांनी सुटत नाही.

आपल्या मंडळाची गेल्या उन्हाळी शिबिराची यादी या आठवड्यात काढा. जी मुलं आता येत नाहीत त्यांच्या घरी आपण स्वतः फोन लावा आणि येत्या शनिवारी पाच वाजता एक डाव खेळायला बोलवा.